वालांचा आठवडा

वैशालीच्या अंगणवाडीत प्रत्येक वाराला काहीतरी ठरलेलं होतं. सोमवारी नवी गोष्ट, मंगळवारी मातीकाम, बुधवारी वाडीतून फेरी, गुरुवारी मोजणं, शुक्रवारी रंग आणि शनिवारी सगळ्यांनी मिळून आठवडा सांगायचा. रागासाठी तेवढा वार ठेवलेला नव्हता. म्हणूनच की काय, तो रोज येत होता. सकाळी ती कुलूप काढायच्या आधी पायरीवर येऊन बसलेला असायचा आणि पोरं घरी गेली तरी हलायचा नाही.

रागाचं कारण अंगणवाडीच्या मागे होतं. मागे आवार होतं. फार मोठं नाही, पण पोरांना पुरेल एवढं. शेवग्याचं एक झाड, त्याला टांगलेला टायर, पाण्याची टाकी आणि बाकी सगळी मोकळी जमीन. आवाराच्या पलीकडे हायवे. हायवेवरून दिवसभर डोलवीच्या कंपनीकडे जाणारे ट्रेलर. ट्रेलरवाल्यांना जेवायला थांबायचं तर ट्रेलर लावायला जागा लागते, आणि गडब गावाच्या अलीकडे रितेशने जो नवा ढाबा टाकला होता त्याला नेमकी तीच नव्हती. म्हणून त्याची नजर पोरांच्या आवारावर गेली. रितेश अंगणवाडी असलेल्या या खालच्या वाडीतलाच. दोन डंपर, एक जेसीबी, गळ्यात चेन, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यालाच वाटावं आपलं काहीतरी चुकलंय.

वैशाली ग्रामसेवकाकडे गेली. तो म्हणाला, मोजणी होईल तेव्हा बघू. पर्यवेक्षिका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या पातळीवर मिटवा. वैशालीची पातळी म्हणजे गुडघ्याएवढ्या खुर्च्या आणि त्यावर बसून नाक पुसणारी वीसेक पोरं. तिने सगळ्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिण्यासारख्या नव्हत्या.

मग रविवारी संध्याकाळी देवळात बैठक झाली. वैशाली उभी राहिली आणि तिने सरळ विचारलं, पोरं खेळणार कुठे? रितेश हसला. म्हणाला, "बाई, मी काय अंगणवाडी पाडतोय का? मागची जागा पडीक हाय. पडीक जागा साफ करायची, भराव टाकायचा, सपाट करायची. गावाचंच काम हाय. तिथं काय पिकत असतं तर मी पाय ठेवला असता का? शेतकऱ्याचा पोरगा हाय मी. पेरलेल्या रानात मी पाय टाकीत नाय. एक रोप दाखवा मला तिथं, भरावाची एक पाटी टाकनार नाय."

माणसं हसली. शुक्रवारी सकाळी डंपर येईल असं सांगून रितेश उठला.

वैशाली मात्र तिथेच बसून राहिली. कारण त्या क्षणी तिला कळलं होतं की हा माणूस सगळ्या वाडीसमोर, देवाच्या दारात, स्वतःच्या तोंडाने स्वतःला बांधून गेला आहे. या भागात भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात, आणि पेरलेल्या वाफ्यावरून कुणी चालत नाही. दारू प्यालेला माणूससुद्धा बांधावरून जातो. तिथे बैल शिरला तर बैलाच्या मालकाला तोंड लपवायची पाळी येते. एक रोप दाखवा म्हणतोस ना? वीस दाखवते, तुझ्या नाकावर टिच्चून दाखवते.

त्या आठवड्याचे सगळे वार तिने वालांना देऊन टाकले.

सोमवारची गोष्ट वालाच्या दाण्याची. एका दाण्याला झोप लागली होती आणि कुणीतरी त्याच्या अंगावर पाणी ओतलं. पोरांनी स्वतःच्या हाताने कडवे वाल पाण्यात टाकले. मंगळवारी मातीकाम बाजूला ठेवून प्रत्येकाला जुन्या साडीचं एकेक फडकं मिळालं. त्यात आपापले वाल बांधायचे, वर आपल्या रंगाचा दोरा. किमयाचा जांभळा, साहिलचा हिरवा. बुधवारी फेरीवर न जाता पोरं आवारात गेली आणि आयांनी आणलेल्या कुदळींनी खणलेल्या मातीतली ढेकळं फोडत बसली. मध्येच एकेकाने फडकं जरासं उघडून आत डोकावलं. पांढरे मोड आले होते. साहिल ओरडला, "बाई, माझ्या वालाला शेपूट आलं!" मग सगळ्यांनी आपापली शेपटं बघितली आणि पुन्हा घट्ट गाठ मारली.

कोरडा दाणा पेरला असता तर शुक्रवारी नुसती माती दिसली असती आणि रितेशला हसायला फावलं असतं. मोड आलेला वाल गुरुवारी डोकं वर ठेवून लावला की शुक्रवारी वाफा भरलेला दिसतो. असा तिचा बेत होता. आयांना तिने बजावलं होतं, नवऱ्यांनादेखील सांगू नका. वाडीत गोष्ट एकदा ओट्यावर आली की ढाब्यावर पोचायला वेळ लागत नाही.

ज्या बाईला सांगायला हवं होतं ती मात्र गावात नव्हती. अंगणवाडीची मदतनीस धोंडुबाई महिनाभर लेकीच्या बाळंतपणासाठी नागोठण्याला गेलेली होती. वैशाली सून म्हणून या वाडीत आली त्याच्याही आधीपासून धोंडुबाई या अंगणवाडीत पोरांचे हातपाय धूत होती. वैशाली तिला मावशी म्हणायची, अहो-जाहो करायची. आणि धोंडुबाईचा मुलगा जगन रितेशचा डंपर चालवायचा. हे सगळ्या वाडीला माहीत होतं आणि आतापर्यंत त्यात काही खुपण्यासारखं नव्हतं.

बुधवारी रात्री धोंडुबाई परत आली. गुरुवारी वैशालीला पेणला बैठकीला जाणं भाग होतं. सकाळी टमटममध्ये बसल्यावर तिने फोन केला. "मावशी, पोरांना बसवा. मी दुपारपर्यंत येते. आणि ते वाल..." एवढ्यात ट्रेलर शेजारून गेला, टमटम हादरली, रेंज गेली. पुन्हा लावू म्हणता म्हणता पेण आलं.

बैठकीत दोन तास पोरांच्या उपक्रमांचे फोटो कसे काढायचे ते सांगण्यात आलं. उजेड कुठून हवा, पोरांची तोंडं कुठे हवीत. वैशालीचा मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास होता, पोटात कावळे ओरडत होते, आणि समोर एक बाई हसऱ्या चेहऱ्याचं महत्त्व सांगत होती. वैशालीने हसरा चेहरा केला. तो किती वेळ टिकला ते तिलाच ठाऊक.

उन्हं डोक्यावर असताना ती परत आली. अंगणवाडी दिसायच्या आधी वास आला. ओलं खोबरं, गूळ, आमसूल, आणि त्याखाली तो एकच वास, जो कोकणातल्या बाईला झोपेतही ओळखता येतो. बिरड्याचा. वैशालीचे पाय रस्त्यातच थबकले. मग ती धावली.

आत पोरं रांगेत बसून जेवत होती. ताटल्यांत वालाचं बिरडं आणि भात. साहिल बोटं चाटत होता. दाराबाहेरच्या दोरीवर साडीची फडकी धुऊन ओळीने वाळत घातलेली होती आणि रंगीत दोरे एका वाटीत व्यवस्थित गुंडाळून ठेवले होते. धोंडुबाई हातात पळी घेऊन उभी होती. तिने वैशालीकडे बघून कौतुकाची अपेक्षा असल्यासारखं हसून म्हटलं, "आलात बाई? टेम्पो नाय आला खिचडीचा. पन आयांनी..."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती वाटेत कुठेही न थांबता गेली.

"काय केलंस हे?"

"बिरडं," धोंडुबाई म्हणाली. तिचं हसू तोंडावर तसंच अडकलं.

"कुणी सांगितलं शिजवायला? जगनने?"

"जगन? जगनचा काय संबंध, बाई? तो कामावर..."

"कामावर! कोणाच्या कामावर ते सांग ना सगळ्यांना! वेड पांघरू नकोस, धोंडुबाई. उद्या त्याचा डंपर इथे यायचाय आणि आज तू बी शिजवतेस? पोराची नोकरी टिकावी म्हणून लहान पोरांचं बी शिजवलंस? लाज नाही वाटली? त्यांचं आवार त्यांच्याच ताटात वाढलंस तू!"

पोरांचे हात ताटातच थांबले. पोरांना न्यायला आलेल्या दोन-तीन आया दारात उभ्या होत्या. त्यांत किमयाची आई अपेक्षा होती. वैशालीचा आवाज हायवेपर्यंत गेला असेल, पण तिला तो थांबवता येत नव्हता. पंधरा दिवस ग्रामसेवकावर, पर्यवेक्षिकेवर, रितेशवर जे काही साठलं होतं ते सगळं या एका पळी धरलेल्या बाईच्या अंगावर पडलं, कारण बाकीचे समोर नव्हते आणि ही होती.

धोंडुबाईने पळी खाली ठेवली. पातेल्यावर झाकण घातलं. हात धुतले, पदराला पुसले.

"आज माझा उपास हाय," ती म्हणाली. "मी ते चाखून पन बघितलं नाय." एवढंच बोलून ती चपला घालून निघून गेली.

किमया हळूच म्हणाली, "बाई, धोंडुआजीने विचारलं, ह्या पुड्या कुणाच्या? आम्ही सांगितलं, आमच्या. मग ती म्हणाली, टेम्पो नाय म्हणून तुमच्या आयांनी मूठ पाठवली का? आम्ही म्हटलं, हो."

अपेक्षाने तोंडावर हात ठेवला. वैशाली मटकन खुर्चीवर बसली, त्या गुडघ्याएवढ्या खुर्चीवर. ही रीत तिनेच सुरू केली होती. ज्या दिवशी खिचडीचा टेम्पो येत नसे त्या दिवशी प्रत्येक घरातून एकेक मूठ कडधान्य फडक्यात बांधून यायचं, आणि धोंडुबाई ते सगळं एकत्र करून शिजवायची. पावसाळ्यात तर असं कित्येकदा झालं होतं. फडक्यात बांधलेले मोडाचे वाल अंगणवाडीत दिसले तर धोंडुबाईने दुसरं काय करायला हवं होतं? वाडीतल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं. खुद्द वैशालीने केलं असतं.

"वैशालीवैनी," अपेक्षा म्हणाली, "तुमी लय बोललात. तिला आवाराचं काय ठाऊकच नव्हतं. मी आता सांगते तिला जाऊन."

"मी जाते," वैशाली म्हणाली.

पण पोरांना सोडून, भांडी घासून ती धोंडुबाईच्या घरी गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारची पुतळी म्हणाली, अपेक्षा येऊन गेली, दोघी काहीतरी बोलल्या, मग धोंडुबाई टोपली घेऊन तरातरा गेली, कुठे ते ठाऊक नाही. वैशाली कुलपाकडे बघत उभी राहिली. आता तिचा राग कुणावर होता ते तिला नीट सांगता आलं नसतं. रितेशवर होता, टेम्पोवाल्यावर होता, रेंज नसलेल्या त्या फोनवर होता. आणि या सगळ्यांच्या मध्ये ती स्वतः होती, आणि तिथे नजर गेली की ती झटकन दुसरीकडे वळवत होती. आवार तर गेलंच होतं. एका दिवसात वालांना मोड आणायची कला कुणाकडेच नव्हती. त्या रात्री तिने पूजा केली, पण उपास सोडायला वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा लवकर गेली. डंपर यायच्या आत टायर तरी काढून ठेवावा, एवढाच विचार होता. आवारात आधीच कुणीतरी होतं.

धोंडुबाई वाफ्यात उकिडवी बसली होती. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत माती. तिच्या शेजारी टोपली होती आणि टोपलीत वाल. मोड आलेले, टपोरे, ओंजळी भरभरून. कुणाच्या लाल फडक्यातले, कुणाच्या पांढऱ्या, कुणाच्या टॉवेलच्या तुकड्यातले. वैशाली बघतच राहिली.

मागून अपेक्षा पोरांना घेऊन आली. तिने सांगितलं ते असं. काल गुरुवार होता. संध्याकाळी उपास सोडायचा, नैवेद्याला बिरडं, म्हणजे वाडीत घरोघरी वाल मोडाला बांधलेले होते. धोंडुबाई प्रत्येक दारात गेली आणि तिने एकच प्रश्न विचारला, अजून सोलले नायत ना? मग द्या, सोललेला रुजत नाय. कुणी का म्हणून विचारलं तर म्हणाली, तुमच्या पोरांचं मी खाऊ घातलं, आता तुमचं मला परत करायचं हाय. जी बाई देताना कुरकुरली तिला तिने उंबरठ्यावर उभं राहून असं काही ऐकवलं की तिने फडक्यासकट दिलं. काल खालच्या वाडीत लक्ष्मीला बटाट्याच्या भाजीचा नैवेद्य झाला.

"मावशी," वैशालीने हाक मारली.

धोंडुबाईने मान वर केली नाही. ती टोपली पुढे सरकवून दाराकडे बघून ओरडली, "चला रे पोरांनो! हात धुवू नका, उलट घाण करा. या!"

पोरं आली. शुक्रवार रंगांचा. धोंडुबाईने त्यांना सांगितलं, काळ्या मातीत पांढरं शेपूट खाली आणि हिरवं डोकं वर. पोरांनी लावलं. काहींनी उलटं लावलं, ते तिने सुलटं केलं. साहिलने एक तोंडात टाकला, तो तिने बोट घालून काढला. वैशालीही वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून लावत होती. दोघींच्या मध्ये वीस पोरं होती आणि त्या वीस पोरांशी दोघी बोलत होत्या, एकमेकींशी नाही. प्रत्येक रांगेच्या डोक्याला एकेक काटकी खोचली आणि काटकीला वाटीतले ते रंगीत दोरे बांधले.

डंपरचा आवाज आला तेव्हा शेवटची रांग चालू होती.

रितेश मोटारसायकलवर पुढे होता. मागे मुरमाने भरलेला डंपर आणि डंपरमध्ये जगन. वाडीतली माणसंही जमू लागली, कारण रितेशने स्वतःच मोठ्या तोंडाने वार सांगितला होता. त्याने वाफा बघितला, दोरे बघितले, आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"हा काय पोरखेळ लावलाय? हे काल नव्हतं इथं."

"तू बोललास, एक रोप दाखवा," वैशाली म्हणाली. "मोज."

"बाई, तुमी मध्ये पडू नका. सरकारी पगार घेता आणि गावात भांडनं लावता?" तो डंपरकडे वळला. "जगन, घे मागं. रिव्हर्स घे आणि ओत."

डंपर टूं टूं करत मागे सरकू लागला. वैशाली पोरांना ओढून भिंतीकडे घेऊन गेली. आता हा माणूस देवळात बोललेलं गिळणार, सगळ्यांसमोर गिळणार, आणि ही सगळी माणसं ते बघत उभी राहणार.

धोंडुबाई उठली. तिने काष्टा सोडला, पदर खोचला आणि वाफ्याच्या कडेला, डंपरच्या आरशात दिसेल अशी उभी राहिली.

"जगन!"

डंपर थांबला.

"नीट बघ," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "आरशात बघतोस ती कोन हाय? आई हाय तुझी. या मातीत मी आता बी टाकलंय. डंपर घालायचा तर घाल. पन मग रातच्याला घरी येऊन मला भात वाढ म्हनू नकोस."

"मावशे, बाजूला हो," रितेश गुरकावला.

ती त्याच्याकडे वळली. "तू गप. तुझं ढुंगन मी धुतलंय याच आवारात. याच टाकीवर. तू तवा रडायचास, आणि आज मला बाजूला हो सांगतोस? देवळात काय बोललास? पेरलेल्यात पाय टाकीत नाय. टाक. मी बघते. ही सगळी बघतायत. टाक पाय."

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी म्हणालं, "बोलला होतास, रितेश." मागून दुसऱ्याने तेच म्हटलं. रितेशने वाफ्याकडे बघितलं. त्याचा पाय वाफ्यापासून हातभर अंतरावर होता. तो तसाच उभा राहिला, आणि वैशालीला दिसलं की त्याला खरंच पाय टाकता येत नाही. तो शेतकऱ्याचा पोरगा होता, तेवढं मात्र तो खोटं बोलला नव्हता.

जगनने इंजिन बंद केलं. खाली उतरून, वाफ्याला वळसा घालून तो आला आणि आईशेजारी उभा राहिला. रितेशने हात पुढे केला.

"चावी दे. उद्यापासून येऊ नकोस."

जगनने चावी दिली. रितेशने मोटारसायकल तिथेच सोडून डंपर स्वतः चालवत नेला. जाताना खिडकीतून ओरडला, वाल निघाले की बघतो. वाल निघायला माघ-फाल्गुन उजाडतो. तोवर मोजणीवाल्यांना खेचून आणायचं, असं वैशालीने तिथेच मनाशी ठरवलं. माणसं धोंडुबाईभोवती जमली. तिने सगळ्यांना हाताने बाजूला केलं आणि ती टाकीवर हात धुवायला गेली. जगन शेवग्याखाली मान खाली घालून बसला होता. ज्या नोकरीवरून वैशालीने तिला बोल लावला होता ती नोकरी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती, आणि ती घालवली होती धोंडुबाईनेच.

शनिवारी पोरं गोल करून बसली. आठवडा सांगायचा वार.

"सोमवारी काय केलं?"

"भिजवले!"

"मंगळवारी?"

"बांधले!"

"बुधवारी?"

"ढेकळं फोडली!"

"गुरुवारी?"

"खाल्ले!" पोरं लोळून हसली. शुक्रवारी लावले, हे तर सगळ्यांनी एवढ्या जोरात सांगितलं की दारात भांडी घासत बसलेल्या धोंडुबाईनेही मान वळवली.

मग राहिला शनिवारचा नियम. तो वैशालीने स्वतः घातला होता आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता. आठवड्यात ज्याने कुणाला मारलं, चावलं, रडवलं, त्याने स्वतः उठून सांगायचं. दुसऱ्याने चुगली करायची नाही. सांगितलं की ज्याला रडवलं त्याच्यासमोर कान धरून उभं राहायचं आणि एकाने दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की संपलं, पुन्हा त्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. मोजायचा मान पाळीपाळीने मिळे. आज पाळी किमयाची होती. किमयाची पाळी आली की कान धरणाऱ्याची चैन असे, कारण ती सहानंतर सरळ आठावर उडी मारायची. सात तिच्या गावचाच नव्हता.

"कुणाला काही सांगायचंय?" वैशालीने विचारलं.

साहिल उठला. त्याने कुणाचे तरी केस ओढले होते. त्याने कान धरले, किमयाने मोजलं, मिटलं.

"आणखी कुणाला?"

कुणी उठलं नाही. पण वीसच्या वीस डोकी वैशालीकडे वळली होती. कुणी काही बोलत नव्हतं, कारण चुगली करायची नाही. किमयाने तर दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. वैशालीला वाटलं, आता गाणं सुरू करावं. मग तिला स्वतःचाच असा राग आला की ती उठली.

"मावशी, इकडे या."

"भांडी हायत."

"आजी, ये ना!" पोरं ओरडली.

धोंडुबाई आली. ओले हात कमरेवर ठेवून गोलाच्या मध्ये उभी राहिली. अजूनही ती वैशालीच्या तोंडाकडे बघत नव्हती.

"गुरुवारी मी धोंडुआजीवर खोटा आळ घेतला," वैशाली म्हणाली. "तिने जे केलं नव्हतं ते केलंस म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. ती उपाशी होती आणि तिने तुम्हाला जेवू घातलं होतं." तिला आणखी काही बोलायचं होतं, पण नियमात तेवढंच होतं. तिने कान धरले.

किमया उभी राहिली. बाईंसाठी मोजायचं म्हणून तिने फ्रॉक नीट केला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. वैशालीने हात खाली घेतले.

"कान धर," धोंडुबाई म्हणाली.

आता ती सरळ वैशालीकडे बघत होती.

"सात राहिला."

"मावशी, ती नेहमीच..."

"माझ्या पोराची नोकरी गेली, गो. दहातला सात मी तुला सोडनार नाय. कान धर. नीट धर, पोरं बघतायत. किमये, पुन्हा पहिल्यापासून."

वैशालीने कान धरले. किमयाने पुन्हा सुरुवात केली. सहा म्हणाली आणि आठ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात धोंडुबाईने नुसतं बोट वर केलं. किमया थांबली. तिने छताकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, साहिलकडे बघितलं. साहिल सांगायला गेला, त्याला धोंडुबाईने डोळ्यांनी दाबलं. बाहेर हायवेवरून एक ट्रेलर गेला आणि खिडक्या थरथरल्या. वैशालीचे हात दुखायला लागले. किमया सात शोधत होती, आणि धोंडुबाईला काही घाई नव्हती.